माहेरचा मुक्काम लांबला, बाळ इथेच जन्मलं, दिराचं लग्न ठरलं: ग्रीन कार्डाचं काय होणार?

कोल्हापूरहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं आणि मिस्टरांचं ग्रीन कार्ड २०२१ मध्ये मिस्टरांच्या कंपनीमार्फत झालं. सातव्या महिन्यात त्या बाळंतपणासाठी माहेरी आल्या, मुलगी झाली, आणि ती पंधरा दिवसांची असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. बघता बघता आठ महिने झाले. मिस्टर न्यू जर्सीत नोकरीवर आहेत. परत जाताना अडवतील का, बाळासाठी कोणता व्हिसा काढायचा, री-एन्ट्री परमिट (लांब मुक्कामानंतर परत येण्याचा परवाना) इथूनच काढता येईल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. चौथा दिराचा. त्याचा साखरपुडा २०२२ मध्ये नाशिकच्या मुलीशी झाला, ग्रीन कार्ड २०२३ मध्ये आलं, आणि लग्न आता आहे. "मुलीला टूरिस्ट व्हिसावर आणा, तिथे आल्यावर सगळं होतं," असं नातेवाईक सांगतात. खरं आहे का?

ताई, आधी तुमच्या जिवाला लागलेला घोर कमी करू. तुम्ही परत जाऊ शकता, आणि त्यासाठी कुठला नवा व्हिसा लागत नाही. बाहेरचा मुक्काम सलग एक वर्षाच्या आत असेल तर मुदत न संपलेलं ग्रीन कार्ड आणि तुमचा भारतीय पासपोर्ट एवढ्यावर विमानात बसता येतं. तुम्ही आठ महिन्यांवर आहात. हातात चार महिने आहेत, पण ते सगळे वापरायचे नाहीत.

मी २२ वर्षं ग्रीन कार्ड आणि व्हिसाच्या केसेसचं काम करते आहे, आणि इतक्या वर्षांत सगळ्यात जास्त नुकसान एका समजुतीने झालेलं पाहिलं आहे: सहा महिन्यांच्या आत एकदा शिक्का मारून आलं की ग्रीन कार्ड सुरक्षित. कायद्यात १८० दिवसांचा आकडा आहे, पण त्याचा अर्थ वेगळा आहे. १८० दिवसांच्या आत परतलेल्या माणसाला साधारणपणे घरी परतणारा रहिवासी मानतात. १८० दिवसांपेक्षा जास्त सलग बाहेर राहिलात की अधिकारी तुम्हाला नव्याने प्रवेश मागणारी व्यक्ती समजून तपासू शकतो. म्हणजे जुना गुन्हा, आधीच्या अर्जातली खोटी माहिती वगैरे गोष्टी तो नव्याने उघडू शकतो. तुमच्या बाबतीत असं काही नसेल तर हा आकडा ओलांडल्याने कार्ड जात नाही. प्रश्न वाढतात, एवढंच.

कार्ड जातं ते वेगळ्या कारणाने. अमेरिकेतलं राहणं तुम्ही सोडून दिलं आहे असं ठरलं, तर. आणि ते दिवस मोजून ठरत नाही. तुमचं घर कुठे आहे, यावरून ठरतं. बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सचा (अमेरिकेत इमिग्रेशनची अपिलं ऐकणाऱ्या मंडळाचा) १९८८ चा एक निकाल मी नेहमी सांगते. नवऱ्याच्या शिक्षण-नोकरीमुळे एक बाई मुलांसह जपानमध्ये राहत होती आणि वर्षातून एकदा थोडे दिवस अमेरिकेत येऊन जात होती. शिक्के होते, तारखा बरोबर होत्या. तरी बोर्डाने तिने राहणं सोडलं असं मानलं, कारण संसार जपानमध्ये होता आणि परत कधी यायचं याला काही ठाव नव्हता. त्याच निकालात दुसरीही गोष्ट आहे, ती तुमच्या कामाची: राहणं सोडलं हे सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं, आणि तो पुरावा स्पष्ट, निःसंदिग्ध आणि पटणारा असावा लागतो.

आता तुमच्याकडे बघा. नवरा तिकडे, भाड्याचं किंवा स्वतःचं घर तिकडे, टॅक्स रिटर्न दोघांचं मिळून तिकडे रहिवासी म्हणून भरलेलं. तुम्ही गेलात ते बाळंतपणासाठी, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कामासाठी, आणि अडकलात ते वडिलांच्या आजारपणात. राहणं सोडणाऱ्या माणसाचं चित्र असं नसतं. पण हे चित्र तुमच्या डोक्यात असून उपयोग नाही, ते हातातल्या फोल्डरमध्ये पाहिजे. वडिलांचं हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि फिजिओथेरपीचे कागद, तुमचे बाळंतपणाचे कागद, घराचा करारनामा ज्यावर तुमचंही नाव आहे, मागच्या दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स, हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड, जॉइंट बँक खात्याचं अलीकडचं स्टेटमेंट. आधी काढलेलं परतीचं तिकीट पुढे ढकललं असेल तर त्या बदलाचा ईमेलसुद्धा. जायची तारीख ठरलेली होती आणि ती आजारपणामुळे हलली, हे त्या एका कागदातून दिसतं. टॅक्सबद्दल एक ताकीद: भारतात आहोत म्हणून "नॉन-रेसिडेंट" असं रिटर्न चुकूनही भरू नका. ग्रीन कार्डधारकाने स्वतःला अनिवासी म्हणवणं हा राहणं सोडल्याचा लेखी पुरावा म्हणून वापरता येतो. चार पैसे वाचवायला कुणी सुचवेल, ऐकू नका.

नेवार्क विमानतळावर, काउंटरवर अधिकारी विचारेल, किती दिवस बाहेर होता, काय करत होता. "आठ महिने. बाळंतपणासाठी गेले होते, वडिलांना झटका आला, म्हणून थांबले. मिस्टर इथे आहेत, घर इथे आहे." एवढंच, आणि खरं तेवढंच. इंग्रजी अडलं तर दुभाषा मागा, त्यात कमीपणा नाही. आतल्या खोलीत, ज्याला सगळे सेकंडरी म्हणतात, नेलं तरी घाबरू नका. तिथे बराच वेळ बसवतात. बाळाचं दूध, डायपर हातातल्या बॅगेत ठेवा.

आणि एक फॉर्म ओळखून ठेवा: आय-४०७. माझ्याकडे साताऱ्याच्या एका आजोबांची केस आली होती. मुलगा अमेरिकन नागरिक, त्याने आईवडिलांचं ग्रीन कार्ड केलं होतं. आजोबा वर्षातले आठ-नऊ महिने शेतावर असायचे. एका विमानतळावर त्यांना सांगितलं गेलं की इथे सही करा, मग तुम्हाला आत सोडतो. त्यांनी आपल्या वळणदार मोडी-मिश्रित अक्षरात सही केली. तो आय-४०७ होता, ग्रीन कार्ड स्वखुशीने सोडल्याचा फॉर्म. मला फोन आला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सही होऊन गेली होती. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की ही सही ऐच्छिक आहे. न केल्यास अधिकारी तुमचं कार्ड तिथल्या तिथे संपवू शकत नाही. तो तुम्हाला इमिग्रेशन जजसमोर हजर राहण्याची नोटीस देऊ शकतो, आणि जजचा अंतिम आदेश येईपर्यंत तुम्ही ग्रीन कार्डधारकच राहता. कार्ड काढून घेतलं तर त्या काळापुरता दुसरा पुरावा मागायचा, पासपोर्टवरचा शिक्का किंवा तसा कागद. तुमच्यावर ही वेळ येईल असं मला वाटत नाही. पण "मला सही करायची नाही, मला जजसमोर जायचं आहे" हे एक वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवा, आणि सासू-सासऱ्यांचं ग्रीन कार्ड असेल तर त्यांच्याकडूनही करून घ्या.

(ज्या आईवडिलांना खरोखर गावीच राहायचं आहे, त्यांच्यासाठी माझं मत वेगळं आहे. ओढून-ताणून कार्ड टिकवण्यापेक्षा शांतपणे, समजून-उमजून ते परत करावं आणि व्हिजिटर व्हिसा घ्यावा. नातवंडांना भेटायला तेवढं पुरतं, आणि दरवेळी विमानतळावर छातीत धडधड नको. आजोबांचंही शेवटी तेच केलं, पण ते त्यांच्या मनाने आणि सन्मानाने व्हायला हवं होतं.)

री-एन्ट्री परमिट कोल्हापुरातून काढता येत नाही. आय-१३१ हा अर्ज पाठवताना माणूस अमेरिकेच्या भूमीवर असावा लागतो, आणि नंतर बोटांचे ठसे द्यायला तिकडच्या केंद्रावर बोलावतात. मिस्टरांनी तुमच्या नावाने तिकडून अर्ज भरून पाठवला तरी तो चालत नाही. तुम्ही परत गेल्यावर वडिलांसाठी पुन्हा लांब यावं लागेल असं वाटत असेल, तर उतरल्या-उतरल्या अर्ज करा, ठसे देऊन मग निघा. तयार परमिट मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये मागवण्याची सोय अर्जातच असते. ते साधारण दोन वर्षांसाठी मिळतं, त्याची मुदत वाढवता येत नाही, नवं हवं तर पुन्हा अमेरिकेत येऊन अर्ज. परमिट असलं की एक वर्षापेक्षा जास्त बाहेर राहूनही ते दाखवून परत येता येतं, पण घर तिकडे आहे हे दाखवण्याची जबाबदारी त्यानेही संपत नाही.

परमिट नसताना एक वर्ष उलटलं तर मात्र नुसत्या कार्डावर परतता येत नाही. मग कॉन्सुलेटकडे रिटर्निंग रेसिडेंट व्हिसा मागावा लागतो, एसबी-१ म्हणतात त्याला. अर्ज डीएस-११७. त्यात निघताना परतायचा इरादा होता, तो अजून आहे, आणि उशीर आपल्या हातात नसलेल्या कारणाने झाला, हे तिन्ही दाखवावं लागतं. हा रस्ता अरुंद आहे. अकराव्या महिन्यात "अजून पंधरा दिवस थांब गं" असं आई म्हणेल, तेव्हा हा परिच्छेद तिला वाचून दाखवा.

आता मुलगी. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि त्यापायी माझ्याकडे रडत आलेल्या आया मी पाहिल्या आहेत. ग्रीन कार्डधारक आई तात्पुरती परदेशी गेली असताना बाळ जन्मलं, तर त्या बाळाला वेगळा इमिग्रंट व्हिसा लागत नाही. अटी अशा: बाळाचं वय दोन वर्षांच्या आत असावं, आणि जन्मानंतर पालक पहिल्यांदा ग्रीन कार्डावर अमेरिकेत परत येतील त्या खेपेलाच बाळ सोबत असावं. "पहिल्यांदा" हा शब्द लाल पेनाने अधोरेखित करा. आई एकटी घाईने जाऊन आली, बाळ आजीकडे ठेवलं, आणि पुढच्या खेपेला घेऊन जाऊ म्हटलं, की ही सवलत गेली. मग त्या तान्ह्या जिवासाठी पिटिशन भरून रांगेत थांबावं लागतं. पुण्याच्या एका बाईंचं नेमकं असंच झालं. नोकरीची रजा संपत होती, म्हणून त्या दहा दिवस जाऊन आल्या. ते बाळ आईच्या घरी पोचलं तेव्हा चालायला लागलं होतं.

म्हणून तुम्ही आणि मुलगी एकाच विमानाने जा. तिला भारतीय पासपोर्ट लागेल. आईवडील दोघंही भारतीय नागरिक आणि जन्म कोल्हापूरचा, त्यामुळे ती भारतीयच आहे, अमेरिकन नागरिक नाही. महापालिकेचा जन्मदाखला हवा, आणि त्यावर तुमचं नाव पासपोर्टवर आहे तसंच. मोठी अडचण येईल ती मुंबई विमानतळावर, चेक-इन काउंटरला. तिथल्या मुलाला किंवा मुलीला हा नियम बहुधा माहीत नसेल, आणि "बेबी का व्हिसा कहाँ है?" असं विचारून ते तुम्हाला बाजूला उभं करतील. अमेरिकेच्या नियमावलीतला हा भाग छापून सोबत ठेवा: ८ सीएफआर २११.१. त्यांच्या सुपरवायझरला बोलवायला सांगा. विमान कंपन्यांना अमेरिकी कस्टम्स खात्याशी थेट बोलून खात्री करता येते. चार तास आधी नाही, पाच तास आधी पोचा. उतरल्यावर बाळाची नोंद तिथेच रहिवासी म्हणून होते आणि कार्ड नंतर टपालाने घरी येतं.

नागरिकत्वाचं थोडक्यात सांगते, कारण तुमच्या २०२१ च्या कार्डाला पाच वर्षं होत आली असतील किंवा झाली असतील. सहा महिन्यांपेक्षा जास्त पण एक वर्षापेक्षा कमी सलग बाहेर राहिल्याने तुमचं अखंड वास्तव्य तुटलं असं गृहीत धरलं जातं. ते पुराव्याने खोडून काढता येतं, आणि त्यासाठी तोच फोल्डर लागतो. शिवाय पाच वर्षांत निदान ३० महिने अमेरिकेत प्रत्यक्ष राहिलेलं असावं लागतं. री-एन्ट्री परमिटने ग्रीन कार्ड वाचतं, नागरिकत्वाची वर्षं वाचत नाहीत. मिस्टरांचा मुक्काम तुटलेला नाही, म्हणून त्यांनी आधी अर्ज करावा. ते नागरिक झाले आणि मुलगी ग्रीन कार्डावर त्यांच्यासोबत अमेरिकेत राहत असेल, तर अठराच्या आत ती आपोआप नागरिक होते. २००१ पासून तसा कायदाच आहे.

आता दिराचं, आणि इथे मला वाईट वाटतं ते सांगूनच टाकते. साखरपुडा २०२२ ला झाला होता. त्याच वर्षी रजिस्टर लग्न केलं असतं, तर आज ही चिंताच नसती. नोकरीवरून ग्रीन कार्ड मिळणाऱ्याची बायको त्याच्याच अर्जात, त्याच्याच प्रायॉरिटी डेटवर, म्हणजे रांगेतला नंबर ठरवणाऱ्या तारखेवर, बसते. अट एकच, लग्न त्याचं ग्रीन कार्ड मंजूर होण्याआधीचं असावं. त्या वेळी ती भारतात असली तरी नंतर मागून येता येतं, वेगळी रांग नाही. पण कार्ड हातात आल्यावर लग्न केलं की ती वाट बंद. एच-४, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा, तोही नाही, कारण दीर आता एच-१बी वर नाही. फियाँसे व्हिसा नाही, तो फक्त अमेरिकन नागरिकांच्या होणाऱ्या जोडीदारासाठी असतो. उरतो तो एफ२ए नावाचा वर्ग, ग्रीन कार्डधारकांच्या नवरा-बायको आणि मुलांचा.

म्हणून ज्यांच्या घरी मुलाचं ग्रीन कार्ड होत आलं आहे आणि मुली बघणं चालू आहे, त्यांना मी हात जोडून सांगते: पत्रिकेआधी ही तारीख बघा. मुलाच्या वकिलाला विचारा, मंजुरी किती जवळ आहे. मुहूर्त मार्गशीर्षातला असेल आणि मंजुरी दिवाळीत येणार असेल, तर रजिस्टर लग्न आधी उरकून घ्या. कायद्याला साखरपुडा दिसत नाही.

तुमच्या दिराने लग्न झाल्याबरोबर, हळद उतरायच्या आत म्हणा हवं तर, आय-१३० पिटिशन, म्हणजे बायकोसाठीचा अर्ज, भरावी. ज्या दिवशी ती दाखल होते ती नवरीची प्रायॉरिटी डेट. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात आपली तारीख कधी येते ते बघायचं. नोकरीच्या रांगेत भारतीयांना जशी वर्षानुवर्षं शिक्षा भोगावी लागते तशी या रांगेत नाही, कारण या कोट्यातले ७५ टक्के व्हिसा देशवार मर्यादेच्या बाहेर ठेवलेले आहेत. जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत ही रांग चक्क करंट होती, म्हणजे थांबणंच नव्हतं. एप्रिल २०२३ मध्ये ती मागे गेली आणि तेव्हापासून वर्षांच्या हिशेबात थांबावं लागतं. ती पुन्हा कधी करंट होईल यावर लग्नाचा बेत आखू नका. दुसरीकडे दिराची पाच वर्षं २०२८ मध्ये भरतात, आणि अर्ज त्याच्या ९० दिवस आधी करता येतो. तो नागरिक झाला की तीच पिटिशन वरच्या वर्गात जाते, तिथे कोट्याची रांगच नाही. एक मात्र लक्षात असू द्या: तोवर भारतात बाळ जन्मलं तर एफ२ए मध्ये ते आईच्या पिटिशनवर येऊ शकतं, पण वडील नागरिक झाल्यावर त्याच्यासाठी वेगळी पिटिशन लागते. हे विसरलं की ऐन वेळी धावपळ होते.

टूरिस्ट व्हिसाचं म्हणाल, तर नातेवाईक खोटं बोलत नसतील. त्यांनी बहुधा अमेरिकन नागरिकाच्या बायकोची गोष्ट ऐकली आहे. नागरिकाची बायको व्हिसावर रीतसर आली आणि नंतर मुदत उलटली, तरी तिला तिथेच कार्ड मिळू शकतं, कायदा तिला माफ करतो. ग्रीन कार्डधारकाच्या बायकोला ती माफी नाही. तिची तारीख लागलेली असावी लागते आणि तोवर तिचा मुक्काम कायदेशीर असावा लागतो. सहा महिन्यांच्या टूरिस्ट मुक्कामात हे जुळत नाही. मुदत उलटून १८० दिवसांपेक्षा जास्त थांबली आणि मग बाहेर पडली तर तीन वर्षं बंदी, एक वर्ष किंवा जास्त थांबली तर दहा वर्षं. आणि व्हिसाच्या मुलाखतीत "नवरा अमेरिकेत नाही" किंवा "लग्न झालेलं नाही" असं सांगितलं आणि ते खोटं निघालं, तर ती बंदी जन्मभराची. त्यातून सुटायला माफीचा अर्ज असतो, पण तो मिळवताना माणूस पिचून जातो. मी त्या केसेस लढले आहे. नवीन नवरीला कुणी असलं काही बोलायला लावू नये.

दुसरा सल्लाही कुणीतरी देईलच, म्हणून आधीच सांगते. "२०२२ च्या तारखेचं लग्नाचं सर्टिफिकेट काढून देतो" म्हणणारे एजंट आहेत. दिराने स्वतःच्या ग्रीन कार्डाच्या अर्जात २०२३ मध्ये अविवाहित लिहिलेलं असणार. जुन्या तारखेचं सर्टिफिकेट पुढे आलं की नवरीचं तर जाईलच, दिराचंही कार्ड धोक्यात येईल.

होणारी नवरी काय करते ते तुम्ही लिहिलेलं नाही. आयटीत किंवा अशा क्षेत्रात असेल तर तिचा स्वतःचा एच-१बी किंवा कंपनीमार्फत एल-१ (कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेत बदलीचा व्हिसा) हा एक मार्ग आहे. या दोन व्हिसांत कायम राहायचा इरादा असला तरी आडकाठी नसते. शिकायला जाण्याचा एफ-१ मात्र अवघड, तिथे परत येईन हे पटवावं लागतं आणि फाइलमध्ये पिटिशन उघडी पडलेली असते. बाकी दिराने जाऊन-येऊन राहायचं, लहान लहान खेपा. कठीण आहे, पण पहिली दोन वर्षं अशी काढलेली आणि आज न्यू जर्सीत एडिसनला सुखाने नांदणारी जोडपी माझ्या ओळखीची आहेत.

मुलाखतीच्या वेळी मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये, महाराष्ट्रातल्या फायली एका जागी हमखास अडतात, ती म्हणजे नाव. जन्मदाखल्यावर नुसतं "मुलगी" किंवा घरातलं लाडाचं नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, आणि लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नवीन नाव आधारवर. अधिकाऱ्याला ही चार माणसं वाटतात. तुमच्या होणाऱ्या जाऊबाईंना सांगा, पहिलं नाव बदलायची हौस असली तर ती घरातल्या हाकेपुरती ठेवावी, कागदावर नको. लग्न महापालिकेत नोंदवताना पासपोर्टवरचं अक्षर न् अक्षर तेच. अर्जात "आधीची नावं" या रकान्यात माहेरचं नाव, लाडाचं नाव, सगळं लिहायचं. जन्मदाखल्यावर नावच नसेल तर ते नोंदवून घेता येतं, आणि दाखलाच नसेल तर तो उपलब्ध नसल्याचं प्रमाणपत्र आणि आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं लागतात. पिटिशन भरल्यापासून मुलाखतीपर्यंत वेळ भरपूर असतो, तो यात घालवा. लग्नपत्रिका, दोन्हीकडची माणसं एकत्र दिसतील असे फोटो, दिराच्या येण्या-जाण्याची तिकिटं जपून ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या मुलीसाठी एक सांगते, कारण तिला हे सांगणारं दुसरं कुणी नसेल. तिचा पासपोर्ट आणि पुढे तिचं ग्रीन कार्ड तिच्याच जवळ राहील, आणि त्यांचे फोटो तिच्या आईच्या फोनमध्येही असतील. हा दिरावर अविश्वास नाही, मी स्वतःच्या लेकीलाही हेच सांगितलं. "चार दिवस आईकडे जाऊन ये" म्हणून बायकोला भारतात पाठवायचं, कार्ड कपाटात ठेवून घ्यायचं, आणि मग फोन उचलायचा नाही, हे दरवर्षी माझ्या टेबलावर येतं. अशा वेळी रस्ते असतात. कार्ड हरवलं किंवा हिरावलं गेलं आणि एक वर्ष उलटलं नसेल, तर आय-१३१ए हा अर्ज करून कॉन्सुलेटमधून विमानात बसण्यापुरतं कागदपत्र मिळतं. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत मिळालेलं दोन वर्षांचं सशर्त कार्ड असेल, तर ते पक्कं करण्याचा अर्ज नवऱ्याच्या सहीशिवायही करता येतो, घटस्फोट झाला असेल किंवा छळ झाला असेल तर. मारहाण, छळ सोसलेल्या बायकोला, नवरा नागरिक असो वा ग्रीन कार्डधारक, स्वतःची पिटिशन स्वतः भरता येते, त्याला कळवलं जात नाही. आणि भारतातून दाद मागायला राष्ट्रीय महिला आयोगाचा एनआरआय कक्ष २००९ पासून काम करतो आहे.

तुमचं तिकीट दहावा महिना भरायच्या आत काढा, ताई. मुलीचा पासपोर्ट अजून काढला नसेल तर याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, आणि जन्मदाखल्यावरचं तुमचं नाव आज रात्रीच पासपोर्टशी ताडून बघा. एका अक्षराचाही फरक दिसला तर आधी महापालिकेत जा, मग पासपोर्ट केंद्रात.